एकाच सरकारला ओळख किती वेळा पटवायची?

माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन यांच्या मा. सचिवांस खुले पत्र

महोदय,

मुरबाड तालुक्यातील धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून वाजतगाजत जाहीर झाले, हे आपण विसरला नसाल. त्याच मुरबाडात आणि शेजारच्या शहापुरात आज साध्या दाखल्यासाठी माणूस हेलपाटे घालतो. ‘आपले सरकार’ संकेतस्थळाचे युजरनेम एक, महाडीबीटी संकेतस्थळाचे दुसरे, ई-पीक पाहणीच्या ॲपला पुन्हा ओटीपी. सरकार एकच आहे ना?

टोकावड्याकडची आई मुरबाडच्या सेवा केंद्रात ताटकळते आणि ओटीपी जातो भिवंडीच्या गोदामात राबणाऱ्या मुलाच्या फोनवर. त्याने फोन पाहेपर्यंत मुदत संपते. शेवटी नाव, मोबाइल नंबर, पासवर्ड असे सारे केंद्रचालकाच्या वहीत एका ओळीत उतरते. उद्या त्यातून कोणाची फसवणूक झाली, तर जबाबदार कोण?

उपाय आपल्याला ठाऊक आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ ही सिंगल साइन-ऑन व्यवस्था सुरू केली. तिच्यात ओळख एकाच ठिकाणी तपासली जाते. मग ‘हा माणूस तोच’ असा डिजिटल सहीचा, थोड्या मुदतीचा दाखला पुढच्या संकेतस्थळाला मिळतो. पासवर्ड त्या संकेतस्थळाच्या हाती पडतच नाही. एक पासवर्ड माणसाच्या ध्यानात राहतो, दहा राहत नाहीत. राज्याची कोणती संकेतस्थळे या व्यवस्थेला जोडली आणि कोणती राहिली, ही यादी आपण गावागावांत का लावत नाही?

मात्र एकच खाते असले आणि तेच बंद पडले, तर सगळेच अडते. सिमबरोबर नंबर बदलला की ओटीपी येत नाही, आणि सिम बदलणे आमच्याकडे रोजचे आहे. खाते पुन्हा सुरू करायला डोळखांबच्या माणसाने ठाणे गाठायचे का? ती सोय ग्रामपंचायतीतच हवी.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने सेवेला मुदत घातली. ती मोजली जाते अर्ज दाखल झाल्यापासून. जो लॉगिनलाच अडकला, त्याची मुदत कधी सुरू होणार? त्याला अपीलही करता येत नाही, कारण आपल्या लेखी त्याने काही मागितलेलेच नाही.

या प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत. ‘लवकरच’ हा शब्द आम्ही पुष्कळ ऐकला. या वेळी तारीख लिहावी.

आपला,
शहापूर तालुक्यातील एक नागरिक