एसओपीत अब्बांचा माग का नसतो?

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये लोकसभेत सांगून टाकलं की मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप 2022-23 पासून बंद. कारण काय, तर ती इतर योजनांशी दुबार होते. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाला मदत करणारी ‘पढो परदेश’ही त्याच वर्षापासून थांबली. पुढे राज्य सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आणली, हे चांगलंच झालं. पण तिथं अट आहे ती जगातल्या पहिल्या 200 विद्यापीठांत प्रवेशाची. म्हणजे आधी प्रवेश, मग पैसा. आणि प्रवेशासाठी मार्कांसोबत वाचला जातो एक दोन पानी कागद, स्टेटमेंट ऑफ पर्पज. आपली मुलं मार्कांत नाही, या कागदात मागे पडतात, असं माझं मत आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. पोरगा टेक्स्टाइल इंजिनिअर झाला, लीड्स विद्यापीठात अर्ज करायचा म्हणाला. कागद वाचायला आणला. पहिलं वाक्य, ‘मला लहानपणापासून टेक्स्टाइलची आवड आहे.’ पुढं जागतिकीकरण, नवतंत्रज्ञान, तुमचं नामवंत विद्यापीठ. एजंटाकडून घेतलेला मजकूर, नाव बदललं की कुणालाही चालेल असा.

मी विचारलं, “अरे, यात अब्बा कुठंयत?”

“सर, वो क्या लिखने का? लोगां हसतें.”

मग बसून बोलतं केलं. टॉवेलला ताण्याचे दोन थर असतात, एक घट्ट आणि एक सैल; सैल थराचे फासे होतात, तेच पाणी शोषतात. हे त्याला कॉलेजच्या आधी, डबा द्यायला जायचा तेव्हाच कळलं होतं. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. हवेत उडणारा कापसाचा तंतू अब्बांच्या छातीत जातो आणि यंत्रावरही साचतो, हेही त्याला ठाऊक होतं. 18 मे 2025 ला याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले, त्यात मालकाच्या घरची माणसं होती आणि कामगारही. तेव्हापासून कारखान्यातली हवा आणि सुरक्षितता हाच विषय त्याच्या डोक्यात होता. आणि कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं!

वाचणाऱ्या प्राध्यापकाला तीनच गोष्टी हव्या असतात: हाच विषय का, इथंच का, शिकून करणार काय. गरिबीचं रडगाणं त्याला नको असतं, हेही मुलांना सांगायला हवं. घरचा धंदा लिहायचा तो दया मागायला नाही, प्रश्न कुठून आला ते दाखवायला.

पाच वेळा लिहून झालं. शिफारसपत्रासाठी कॉलेजच्या सरांना महिनाभर आधी सांगितलं, शेवटच्या आठवड्यात कोण मनापासून लिहितं? शेवटचा मसुदा त्यानं घरी उर्दूत सांगून दाखवला. अब्बांनी एकच दुरुस्ती केली, मागाचा वेग चुकला होता.