चार्ली ख्रिश्चनची गिटार आणि मागाहून लिहिलेला शेरा

#धागा १/ मोडी कागद वाचायला बसलेल्या विद्यार्थ्याला लवकरच कळते की, पत्र अस्सल असले तरी त्याच्या पाठीवरचा शेरा पुढच्या काळातला असू शकतो. जॅझमधल्या एका जुन्या वादाला हीच कसोटी लावून पाहावीशी वाटते. वाद आहे गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या नावावर असलेल्या १९४१ च्या ध्वनिमुद्रणांचा.

२/ चार्लीचा जन्म १९१६ चा, टेक्सासमधला; तो वाढला ओक्लाहोमा सिटीत. १९३९ मध्ये तो बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला आणि २ मार्च १९४२ रोजी क्षयाने गेला. वय अवघे २५. विजेवरची गिटार तेव्हा नवीच होती. मागे बसून साथ करणाऱ्या या वाद्याला त्याने सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आणले. एवढ्या तोकड्या कारकिर्दीत प्रत्येक तबकडीला मोल येते, आणि जिथे मोल तिथे शंका.

३/ गुडमनकडचे काम आटोपले की चार्ली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये वाजवायला जाई. जेरी न्यूमन हा कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी तिथे आपले यंत्र घेऊन येत असे. हे यंत्र समोरचे वादन थेट तबकडीवर कोरी. मे १९४१ ची ती प्रसिद्ध वादने अशी टिपली गेली. ना करार, ना स्टुडिओची नोंदवही.

४/ मग गिटार चार्लीचीच कशावरून? माझ्या मते इथे संशयाला जागा नाही. लांबच लांब, एकसलग वाहणारी स्वरवाक्ये, ती तोडण्याच्या जागा, आवाजाची जात: गुडमनसोबतच्या निर्विवाद मुद्रणांत हेच हस्ताक्षर आहे.

५/ शेऱ्याचे मात्र तसे नाही. सर्वांत गाजलेल्या तुकड्याचे नाव आहे ‘स्विंग टू बॉप’. मे १९४१ मध्ये ‘बॉप’ हे शैलीचे नाव रूढच झाले नव्हते! प्रत्यक्षात ती रचना आहे एडी डरहॅम आणि एडगर बॅटल यांची ‘टॉप्सी’. काउंट बेसीच्या वृंदाने ती १९३७ मध्येच मुद्रित केली होती. आपल्या कानी पडणारे मुद्रण चार्लीचे वादन रंगात आलेले असतानाच सुरू होते, त्यामुळे मूळ चाल आरंभी ऐकूच येत नाही. चार्लीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ही वादने बाजारात आली. याच तुकड्याला ‘चार्लीज चॉइस’ असेही नाव मिळाले होते. टिकले ते दुसरे. कारण त्यात एक सिद्धान्त दडलेला आहे: हा माणूस स्विंग आणि बिबॉप यांमधला पूल होय. सिद्धान्त खराही असेल. पण तो नंतरच्या पिढीचा आहे, १९४१ ची साक्ष नव्हे.

६/ पियानोचेही तेच. थेलोनियस मंक मिंटन्सचा नेहमीचा पियानोवादक, म्हणून वेष्टनांवर त्याचे नाव सरसकट आले. यांतल्या काही तुकड्यांत जाणकारांना केनी कर्सी ऐकू येतो. मंकचे यात फारसे काही जात नाही. कर्सीच्या वाट्याला आधीच थोडे होते, तेही जाते.

७/ आता उलट बाजू. ‘ब्रेकफास्ट फ्यूड’ हे गुडमन वृंदाचे रीतसर स्टुडिओतले काम. कोलंबिया कंपनीने १९५० च्या दशकात लाँगप्ले काढताना त्याच्या निरनिराळ्या टेकमधली चार्लीची एकलवादने कापून एकाच रचनेत जोडली. स्वर अन् स्वर चार्लीचा. पण तसे वादन कोणत्याही दिवशी, कोणत्याही खोलीत घडलेले नाही. चार खऱ्या पत्रांतले परिच्छेद जोडून पाचवे तयार करावे, तसा हा प्रकार. तरी शंकेखोरांचा रोख असतो तो न्यूमनच्या तबकड्यांवर, कारण कोलंबियाकडे शिक्का होता आणि त्या पोराकडे फक्त यंत्र.

८/ माझ्या वहीत ती नोंद अशी आहे: ‘टॉप्सी’, मिंटन्स, मे १९४१, मुद्रण न्यूमन, गिटार चार्ली ख्रिश्चन, पियानो बहुधा कर्सी. ‘स्विंग टू बॉप’ हे नाव खाली, कंसात, ‘मागाहून दिलेले’ असे लिहून.