पत्त्याचा पत्ता कट?

इनबॉक्समध्ये रोज किती ऑफर्स येतात? आणि त्यातल्या किती तुम्ही उघडता? खरं सांगा हं! पण घरी तुमच्या नावाचं जाडसर पाकीट आलं तर? बिल नाही एवढी खात्री पटली की आपण ते लगेच फाडून बघतो. छोट्या बिझनेसवाल्यांना हा फंडा पक्का ठाऊक आहे. म्हणूनच जुन्या गिऱ्हाइकांना पोस्टाने कार्ड, सूचिपत्र, कापडाचा नमुना पाठवणारी मंडळी अजून आहेत. प्रॉब्लेम एकच, पोस्टाचं गणित बदललंय.

1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे दर वाढले, तब्बल 13 वर्षांनी. 50 ग्रॅमपर्यंत शहरातल्या शहरात 15 चे 19 रुपये झाले, बाहेरगावी 35 चे 47. वर 18 टक्के जीएसटी. चार-बारा रुपयांनी काय होतंय, असं वाटतं ना? होतं!

समजा, तुमची एक मैत्रीण नोकरी सांभाळून पुण्यात हातमागाच्या साड्या विकते. दिवाळीआधी तिला 500 पाकिटं पाठवायची आहेत, 300 पुण्यात आणि 200 बाहेरगावी. जुन्या दराने टॅक्ससकट 13,570 रुपये लागले असते. नव्या दराने 17,818. म्हणजे 4,248 रुपये जास्त, आणि तेही एकही साडी खपायच्या आत. मोठ्या ब्रँडसाठी ही चिल्लर असेल, हिच्या मात्र थेट नफ्याला कात्री!

पूर्वी एक मधला रस्ता होता, रजिस्टर्ड. 20 ग्रॅमचं पत्र 22 रुपये अधिक टॅक्समध्ये देशात कुठेही जायचं आणि पोचल्याची खात्रीही असायची. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं. आता रजिस्ट्रेशन हवं असेल तर स्पीड पोस्टच्या दरावर आणखी 5 रुपये अधिक टॅक्स.

मग पोस्टाला टाटा-बायबाय करायचं? मुळीच नाही. आधी काट्यावर वजन करा. 50 ग्रॅमच्या आत असाल तर बाहेरगावचा दर सगळीकडे सारखाच, 47 रुपये. त्यापुढे गेलात की अंतर मोजलं जातं. 51 ते 250 ग्रॅमला 200 किलोमीटरपर्यंत 59 रुपये आणि 2,000 किलोमीटरच्या पलीकडे 77. जाड आर्ट पेपरचा मोह इथे महागात पडतो. तेव्हा 500 कॉपी छापण्याआधी एक नमुना पाकिटात घालून वजन करा.

दुसरं म्हणजे, प्रत्येक पाकिटाला ट्रॅकिंग लागतंच असं नाही. साधं पत्र 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांत जातं. 10 ग्रॅमपेक्षा हलक्या साध्या पाकिटांना जीएसटीतूनही सूट आहे. ए-फोर साइजचा नेहमीचा कागद साधारण 5 ग्रॅमचा असतो. एक कागद, छोटं पाकीट, काम फत्ते!

पुस्तकवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्यासाठी 1 मे 2025 ला 'ज्ञान पोस्ट' आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, अधिक टॅक्स. जाहिरातबाजीचा मजकूर यात चालत नाही, पण पुस्तकात आलेली इतर पुस्तकांची यादी चालते. म्हणजे छोट्या प्रकाशकाने शेवटच्या पानावर आपली यादी छापली की तीच त्याची जाहिरात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पत्त्यांची यादी. घर बदललेले, तीन वर्षांत काहीच न घेतलेले लोक त्यात किती आहेत? आपल्या मैत्रिणीने असे 100 बाहेरगावचे पत्ते गाळले तर 5,546 रुपये वाचतात. दरवाढ भरून निघते आणि वर थोडे उरतातही. दर ठरवणं तिच्या हातात नाही, पाकीट कुणाला पाठवायचं हे मात्र आहे. तेव्हा तिला सांगा, छापखान्यात जाण्याआधी एक संध्याकाळ त्या यादीला दे.