नदीचें पात्र आणि आपलीं घरें

पुण्यांत पाऊस किती झाला हें सांगावयाचें असल्यास आपले लोक पर्जन्यमापकाकडे पाहत नाहींत. "भिडे पूल बुडाला" एवढें म्हटलें कीं पुरे होतें. शाळा सुटल्यावर आमचे कित्येक विद्यार्थी तो बुडालेला पूल पहावयास जातात हें आम्हांस ठाऊक आहे. लकडी पुलावरून पूर पाहण्यांत आम्हींही बालपणीं पुष्कळ वेळ घालविला असल्यामुळें त्यांस रागें भरण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं. परंतु २५ जुलै २०२४ रोजीं पूर पहावयास कोणास दूर जावें लागलें नाहीं. खडकवासला धरणांतून त्या दिवशीं मुठेंत दर सेकंदास पस्तीस हजार घनफुटांहून अधिक पाणी सोडावें लागलें, आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत तें लोकांच्या घरांत शिरलें. अखेर लष्करास पाचारण करावें लागलें.

आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी त्याच बाजूस राहतो. आठ दिवसांनीं तो शाळेंत आला तेव्हां त्याच्या दप्तरांत एकही वही नव्हती. आम्हीं कारण विचारिलें नाहीं. त्यानेंच आपण होऊन सांगितलें, "सर, बाबा म्हणतात, घर घेतलें तेव्हां नदी फार लांब होती."

हा भ्रम एकट्या त्या गृहस्थांचा नव्हे. उन्हाळ्यांत पाण्याची जी बारीक रेघ दिसते तिलाच आपण सगळे मुठा समजतों. पण नदी म्हणजे तेवढेंच पाणी नव्हे. वैशाखांत कोरडी दिसणारी गाळाची जमीन, जेथें करंज, उंबर व वाळुंज वाढतात आणि पाणकोंबड्या पिलें घेऊन हिंडतात, तीही नदीच होय. श्रावणांत तिला ती जागा लागते. पूर तेथें पसरतो. पसरला म्हणजे त्याचा वेग मोडतो, गाळ खालीं बसतो, कांहीं पाणी जमिनींत मुरतें आणि उरलेलें सावकाश पुढें जातें. तीच जमीन मुरमाचा भराव घालून उंच केली तर पाणी नाहींसें होत नाहीं. तें समोरच्या कांठावर चढतें, नाहीं तर खालच्या वस्तींत अधिक वेगानें पोंचतें.

जलसंपदा विभाग, ज्यास आम्ही अजून पाटबंधारे खातेंच म्हणतों, नदीच्या दोन्ही कांठांस दोन रेषा आंखून देतो. निळी रेषा सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. ह्या 'एकदां' शब्दानें फार घोटाळा केला आहे. एकदां पूर येऊन गेला कीं पंचवीस वर्षें निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाहीं. दरवर्षीं तो येण्याचा संभव शेंकडा ४ असतो, आणि मागच्या वर्षीं आला म्हणून पुढच्या वर्षीं तो कमी होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं गणित करून पहावें: घराचें कर्ज वीस वर्षांचें असेल तर त्या मुदतींत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदां तरी येण्याचा संभव शेंकडा ५५ हून अधिक निघतो. लाल रेषेपर्यंत येण्याचा संभवही सुमारें शेंकडा १८ आहे. इतक्या जोखमीवर कोणी शहाणा बाप मुलास सायकलसुद्धां देणार नाहीं.

निळ्या रेषेच्या आंत राहतें घर बांधण्यास मनाई आहे. परंतु निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यांत राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणें बांधतां येतें. मुख्य अट ही कीं, जोतें लाल रेषेच्या पातळीहून निदान ०.४५ मीटर, म्हणजे जुन्या मापानें सुमारें एक हात, उंच असावें. आम्ही अभियंते नव्हे, तरीही एक शंका विचारतों. ज्याचें जोतें उंच, त्याचें घर कोरडें राहील. पण शेजारच्या जुन्या चाळीचें जोतें कोण उचलणार? आणि तळमजला कोरडा असूनही चोहोंकडे पाणी असेल, तर आजारी आजीस इस्पितळांत न्यावयाचें कसें?

आम्ही हें कांहीं उंचावर बसून लिहीत नाहीं. २०२१ सालीं आम्हींही नदीकांठीं एक सदनिका पाहिली. सज्जांतून पाणी दिसत होतें, पलीकडे बगळे उतरत होते, आणि आमच्या कुटुंबानें तुळशी-वृंदावन कोठें ठेवलें असतें असें एका शेजारणीनें हंसत विचारिलें तेव्हां आम्हीं तेथें गुलाबाच्या कुंड्यांची जागासुद्धां ठरविली होती. बयाणा देण्याच्या दिवशीं सहज पुररेषेची चौकशी केली. विकणाऱ्या गृहस्थांनीं अत्यंत आदरानें उत्तर दिलें, "सर, वर चार धरणें आहेत. आतां कसला पूर?" ती सदनिका आम्हीं घेतली नाहीं, पण त्यांत आमच्या शहाणपणाचा वांटा थोडा, पैसे कमी पडले हेंच खरें कारण.

चार धरणांचें तें उत्तर मात्र तपासण्यासारखें आहे. पानशेत, वरसगांव, टेमघर व खडकवासला मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी सांठतें. त्यांपैकीं शहराच्या सर्वांत जवळच्या खडकवासल्यांत जेमतेम २ अब्ज मावतें. वरचीं धरणें भरलीं, अथवा त्यांच्या खालच्या डोंगरांवरच पाऊस कोसळला, कीं खडकवासल्याचे दरवाजे उघडण्यावांचून गत्यंतर नसतें. शहरास पाणी पाजण्यासाठीं धरण भरून ठेवावें लागतें, आणि भरलेलें धरण पूर अडवूं शकत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें व पाठोपाठ खडकवासला गेलें, ती आपत्ति निराळी होती. त्या पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती कांठापासून दूर वसविण्यांत आल्या. २०२४ सालीं कांहींच फुटलें नव्हतें. सगळें जसें चालावयाचें तसेंच चाललें होतें. नदीचें सोडाच, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यासारखे ओढे चढले, आणि पुणें परिसरांत वीसहून अधिक माणसें दगावलीं.

वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाची गोष्ट आम्ही सकाळच्या उपासनेंत वर्षानुवर्षें सांगत आलों. त्या गोष्टींतला मनुष्य मूर्ख होता, कारण पायाखालीं वाळू आहे हें त्यास दिसत होतें. आजच्या घर घेणाऱ्यास मूर्ख म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. त्यास फरशी दाखविली, उद्वाहन दाखविलें, पोहण्याचा तलाव दाखविला. रेषा तेवढी दाखविली नाहीं.

घरें बांधूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. एका खोलींत सात माणसें राहणाऱ्या घरांतून आमच्याकडे मुलें येतात. तीं जिन्यावर बसून अभ्यास करितात. नदी वांचविण्याची भाषा ज्यांचें स्वतःचें घर आधींच झालें आहे त्यांच्या तोंडीं फार सोपी असते, आणि कांठावर स्वस्त जागा शोधीत प्रथम येतो तो गरीबच. म्हणूनच आराखडा करणाऱ्यांवर अधिक जबाबदारी आहे. १९९७ सालीं शहरांत आलेल्या २३ गांवांच्या आराखड्यांत टेंकड्यांवरील सुमारें ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठीं राखली गेली. टेंकडीसाठीं जें करतां आलें तें नदीच्या खोऱ्यासाठीं कां करतां येऊं नये? लाल रेषेच्या आंत नवें राहतें घर नको, आणि आज जे तेथें राहतात त्यांस बाहेर सुरक्षित जागा आधीं मिळावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. नदीकांठ सुशोभित करण्याच्या सुमारें ४४ किलोमीटरांच्या योजनेविषयींही आम्ही एवढेंच विचारूं: बाग व फरसबंदी झाल्यावर पुराच्या पाण्यास रुंदी किती उरणार?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणें विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकत लिहिण्यास वकील लागत नाहीं. साध्या कागदावर शुद्ध मराठींत चार ओळी लिहितां आल्या म्हणजे झालें, आणि तेवढें आमचे नववीचे विद्यार्थी नक्कीच लिहूं शकतात. पुररेषेचा एक नकाशा आम्हीं भूगोलाच्या खोलींत भिंतीवर लावला आहे. पालकांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें आणि आपलें घर, किंवा घेण्याचें मनांत असलेलें घर, त्यावर शोधून पहावें. मुलांनीं आपापल्या घरांवर टांचण्या टोंचावयास आरंभ केला आहे. त्यांपैकीं अकरा टांचण्या रेषेच्या आंत आहेत.