स्वदेशीच्या दिवाळीत परका क्लोरेट

दिवाळी तोंडावर आली की दोन आरोळ्या हमखास उठतात. वर्षभर धुराविषयी मौन पाळणारी पुरोगामी मंडळी चार दिवसांपुरती पर्यावरणवादी होतात; आणि त्यांना उत्तर म्हणून हिंदू घरांतीलच काही तरुण ‘फटाके वाजविणारच’ अशी गर्जना करीत बाजारात जे स्वस्त मिळेल ते उचलून आणतात. पहिल्या दांभिकतेचा समाचार पुष्कळांनी घेतला आहे. दुसऱ्या उतावीळपणाकडे मात्र सोयीस्कर दुर्लक्ष होते. फटाक्याच्या पोटात भरले काय आहे, हे विचारतो कोण?

शोभेचे दारूकाम हिंदूंच्या उत्सवात उपरे आहे, हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली भारतीय आतषबाजीचा इतिहासच सिद्ध केला. ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवांच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृती त्यांनी उजेडात आणल्या. कोट्याच्या दिवाळीत दारूकामाची लंका कशी जाळली जाई, याचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकविल्याचे बखर सांगते. बारूद मुळात चीनची असेलही. पण पाचशे वर्षे हाताळलेली विद्या परकी कशी राहील?

या विद्येचा कणा होता सोरा, गंधक आणि कोळसा. घात झाला तो स्वस्ताईच्या मोहाने. पुष्कळ फटाक्यांत वात आणि मुख्य दारू यांच्यामध्ये चटकन पेट घेणारा एक पातळ थर द्यावा लागतो. वातीची ठिणगी आत पोहोचवायची ती या थराने. तो कशाचा करावा, यावर कारागिराचे शहाणपण कळते. सोरा संथ पण भरवशाचा. पोटॅशियम क्लोरेट स्वस्त आणि शीघ्रकोपी. गंधकाशी त्याची गाठ पडली की घासण्याने, आपटण्याने, प्रसंगी नुसत्या ओलीनेही मिश्रण भडकते. मग वात पेटविण्याची गरजच उरत नाही. गोदामात खोकी उतरविणारा हमाल होरपळतो. म्हणूनच २७ जानेवारी १९९२ रोजी केंद्र सरकारने गंधक-क्लोरेट मिश्रणाच्या फटाक्यांवर बंदी घातली. चोरवाटेने येणाऱ्या चिनी मालात मात्र हेच क्लोरेट सापडत राहिले, आणि २०१४ साली सरकारला परदेशी फटाक्यांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. धर्मरक्षणाच्या घोषणा देत चिनी लड लावणाऱ्याने नेमके कोणाचे रक्षण केले?

दोष केवळ चीनचा नाही, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बेरियमचे क्षार निषिद्ध ठरविले. तरी काही देशी उत्पादक ते वापरतच होते, हे २०२१ साली केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीत उघड झाले. सरसकट बंदी मागणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत दिले ते अशा लबाडीने. त्याची शिक्षा भोगतो तो शिवकाशीचा कष्टकरी. १९२३च्या सुमारास अय्या नाडार व षण्मुग नाडार कलकत्त्याला जाऊन आगपेटीची विद्या शिकून आले आणि त्या अवर्षणग्रस्त गावाला अन्न मिळाले. ते अन्न तोडण्याचा अधिकार ना वातानुकूलित दालनातील पर्यावरणवाद्यांना आहे, ना नफेखोरांना.

उत्तर दूर नाही, नागपुरातच आहे. तेथील ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी घटकद्रव्ये बदलून सूक्ष्म धूलिकण किमान तीस टक्के घटविणारे हरित फटाके २०१९ साली पुढे आणले. स्फोटकांचा परवाना देणारी ‘पेसो’ हीदेखील नागपूरचीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली परिसरात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीसाठी मर्यादित परवानगी दिली ती याच फटाक्यांना. कोणा हौशी तरुणास स्वतःच दारू कुटून पाहावीशी वाटत असेल, तर परवान्याविना ते करणे १८८४च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि घरातील आईबापांच्या जिवाशी खेळ आहे तो वेगळाच.

शाखेतील, सोसायटीतील कार्यकर्त्यांनी यंदा एवढेच करावे: दुकानदाराकडून खोके मागून घ्यावे, त्यावरील नीरी-पेसोचे चिन्ह आणि क्यूआर संकेत तपासावा, उत्पादकाचे नाव वाचावे. नाव नसेल तर माल तसाच परत करावा. आणि दुकानदार ‘स्वस्त आहे, घेऊन टाका’ म्हणाला, तर तो स्वस्त का आहे ते त्याला चार गिऱ्हाइकांसमोर विचारावे.