हलकेपणाची किंमत

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा शिकारीचा शौक मोडीत काढला, हे उत्तमच झालं. बंदुकीवरच्या महागड्या, हलक्या दुर्बिणी आता परदेशातल्या डोंगरी शिकाऱ्यांसाठी बनतात; पण त्या निवडतानाचं गणित आपल्या पक्षीनिरीक्षकांनाही तंतोतंत लागू पडतं. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागलं की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४२ मिलिमीटरचं भिंग १० पट वर्धनाला ४.२ मिलिमीटर देतं, ३२ चं फक्त ३.२. भर दुपारी डोळ्याची बाहुली आकसलेली असते, तेव्हा हा फरक जाणवतही नाही. तिन्हीसांजेला ती रुंदावते आणि फांदीवरचा पिंगळा लहान भिंगातून नुसता काळा ठिपका दिसतो. म्हणजे लहान भिंग घेऊन वाचवलेल्या वजनाची किंमत नेमकी जनावरं-पाखरं हलतात त्या वेळी मोजावी लागते. उलट बाजूही खरी आहे: जड दुर्बीण हातात स्थिर राहते, पण दिवसभराच्या पायपिटीत मान अवघडवते आणि शेवटी घरीच राहते. म्हणून घेणाऱ्यांना कळकळीचं सांगणं एवढंच: वर्धनाच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ८ पट पुरे, पैसे भिंगाच्या दर्जावर घाला आणि दुकानातल्या दिव्याखाली नव्हे, संध्याकाळी बाहेर उभं राहून पारखा.