चेहऱ्याचा नको, शेपटीचा फोटो काढा!

हिवाळ्यात मुरुमच्या बागेत किंवा कॉलेजच्या आवारात चिंचेखाली, कडुनिंबाखाली थांबलात, तर जरा मान वर करून बघा. चिमणीहून लहान, मातकट रंगाचा, शेपटी सारखी वर उडवणारा पक्षी दिसला, तर तो बहुतेक माशीमार असेल. उडता किडा हवेतच टिपायचा आणि परत फांदीवर येऊन बसायचं, हा त्याचा उद्योग. पाहुणा मात्र लांबचा.

खरी गंमत पुढे आहे. लाल छातीचा माशीमार पूर्व युरोपाकडून येतो, तर टायगा माशीमार सैबेरियातून. दोघंही मातकट, दोघांच्याही शेपटीच्या बुडाशी पांढरे पट्टे. पूर्वी तर दोन्ही एकच जात मानली जायची. आपल्या भागात पहिला नेहमीचा, दुसरा विरळ. मग काय, विरळ नाव टाकलं की लाइक्स जास्त! ॲपने सुचवलं, आपण टाकलं, विषय संपला.

पण विषय तिथेच सुरू होतो. शेपटी जिथून फुटते, तिथली वरची पिसं बघा. टायगाची ती काळीकुट्ट असतात, शेपटीइतकी किंवा तिच्याहून गडद. दुसऱ्याची फिकट, तपकिरी छटेची. चोच बघा. टायगाची जवळजवळ पूर्ण काळी, दुसऱ्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. आवाज ऐका. दोघंही टर्रर्र करतात, पण टायगाचं टर्रर्र जास्त वेगवान. म्हणजे समोरून काढलेला देखणा फोटो इथे फारसा कामाचा नाही. पाठ आणि शेपटी दाखवणारा साधा फोटो लाखमोलाचा. मोबाइलवर आवाजही रेकॉर्ड करून ठेवा.

एवढं करूनही ठरलं नाही तर? तर तसंच लिहा. ई-बर्डवर ‘लाल छातीचा किंवा टायगा’ अशी नोंद करायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणण्यात कमीपणा कसला? चुकीच्या खात्रीपेक्षा प्रामाणिक शंका कधीही बरी.

हे नुसतं पक्ष्यांपुरतं नाही. पुण्या-मुंबईत एका पक्ष्यामागे दहा कॅमेरे असतात. तिथली एखादी चुकीची नोंद लगेच पकडली जाते. छोट्या गावात ती तपासणारं दुसरं कुणी नसतं. उद्या कुणी अभ्यासक नकाशावर मुरुम शोधेल, तेव्हा त्याला कदाचित तुमचीच नोंद सापडेल, आणि ती तो खरी मानून चालेल. मारुती चितमपल्लींसारखा माणूस आपल्या शेजारच्या सोलापूरचा. त्यांनी पक्ष्यांच्या नावांसाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली. आपण निदान नाव टाकण्याआधी पाच मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

फेब्रुवारीत देशभरातल्या कॉलेजांमध्ये ‘कॅम्पस बर्ड काउंट’ असतो. वही, मोबाइल आणि एखादा मित्र, एवढी तयारी पुरे. यंदा यादीत तुमच्या कॉलेजचंही नाव येऊ द्या. यादी लहान असली तरी चालेल, पण खरी असू द्या.